दूरचा समुद्र आणि आपला पाऊस

मृग निघाला की शेतकरी आभाळाकडे बघू लागतो. रान नांगरून, कुळवून तयार असते. बी-बियाणे घरात आणून ठेवलेले असते. आता हवा असतो फक्त पाऊस. एखाद्या वर्षी तो वेळेवर येतो, बेताने पडतो. पिके डोलू लागतात. नदी दुथडी भरून वाहते. एखाद्या वर्षी मात्र ढग येतात अन् तसेच निघून जातात. पेरलेले वाळते. विहीर तळ गाठते. नदीच्या पात्रात वाळू तेवढी दिसते.

असे का होते? गाव तेच, रान तेच, डोंगरही तेच. मग एका वर्षी पूर आणि दुसऱ्या वर्षी दुष्काळ, हे कशाने?

याचे एक मोठे कारण आपल्या गावात नाही, आपल्या जिल्ह्यातही नाही. ते आहे हजारो कोस दूर, एका अफाट समुद्रात. त्या समुद्राला प्रशांत महासागर म्हणतात.

कुणी म्हणेल, "अहो, आमच्या शेताचा अन् त्या समुद्राचा काय संबंध? आम्ही तर तो कधी बघितलाही नाही." प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर या पाठात आम्ही देणार आहोत. ते समजले म्हणून पाऊस काही आपल्या हाती येणार नाही. पण पेरणी कधी करावी, कशाची करावी, विहिरीचे पाणी कसे पुरवावे, हे ठरवायला त्याची मदत होईल.

आपला पाऊस येतो कुठून?

उन्हाळ्यात जमीन तापते. समुद्रही तापतो, पण जमिनीइतका नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावत येते. येताना ती पाण्याची वाफ बरोबर आणते. हेच आपले नैर्ऋत्येचे मोसमी वारे. यांनाच मान्सून म्हणतात.

हे वारे अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला अडतात. मग ते डोंगर चढतात. वर गेले की गार होतात. वाफेचे पाणी होते आणि ते कोसळते. म्हणून कोकणात आणि घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलीमीटरहून अधिक पाऊस होतो. डोंगर ओलांडून वारे पलीकडे उतरले की त्यांच्यातले पाणी बरेचसे सरलेले असते. माण, आटपाडी, सांगोला या भागांत वर्षाला ५०० मिलीमीटरच्या आसपासच पाऊस मिळतो. विदर्भाला आणि मराठवाड्याला बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या ढगांचाही मोठा आधार असतो.

गोदावरी, भीमा, कृष्णा या आपल्या थोर नद्या याच घाटमाथ्यावर उगम पावतात. मग त्या पूर्वेकडे, कोरड्या मुलखातून वाहत जातात. म्हणून पैठणच्या जायकवाडी धरणात किती पाणी येणार, हे पैठणच्या पावसावर फारसे ठरत नाही. ते ठरते वर नाशिक आणि अहिल्यानगर भागात किती पाऊस झाला त्यावर.

म्हणजे आपली नदी घाटावर अवलंबून. घाटाचा पाऊस वाऱ्यावर अवलंबून. आणि वारा समुद्रावर अवलंबून. आता त्या समुद्राकडे जाऊ.

परातीतले पाणी

बंगालच्या उपसागराच्या पलीकडे म्यानमार, थायलंड हे देश आहेत. त्यांच्या खाली इंडोनेशियाची बेटे आहेत. तिथून पुढे प्रशांत महासागर सुरू होतो, तो थेट दक्षिण अमेरिकेच्या काठापर्यंत. त्या काठावर पेरू नावाचा देश आहे. पृथ्वीच्या पाठीचा सुमारे एक तृतीयांश भाग या एकट्या समुद्राने झाकला आहे. एवढ्या पाण्यात ऊन किती साठत असेल, विचार करा.

या समुद्राच्या मधल्या पट्ट्यावर बारमाही वारे वाहतात. ते पेरूकडून निघतात आणि इंडोनेशियाकडे जातात. म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे.

आता घरी एक प्रयोग करून पाहा. परातीत पाणी घ्या. एका बाजूने त्यावर जोराने फुंकर घाला. पाणी दुसऱ्या काठाकडे सरकते, नाही का? फुंकर थांबवली की ते परत येते. समुद्रातही असेच होते. वाऱ्याच्या रेट्याने वरचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे जाऊन साठते. तिकडच्या समुद्राची पातळी पेरूकडच्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. आणि पेरूच्या काठाला काय होते? वरचे ऊन पाणी निघून गेले, म्हणून खालचे गार पाणी वर येते.

इंडोनेशियाकडच्या ऊन पाण्यावर हवा तापते, ओली होते आणि वर चढते. तिथे ढगांची दाटी होते. पण वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरलीच पाहिजे. ती उतरते पेरूच्या बाजूला. रहाटगाडग्याचे पोहरे जसे एका बाजूने वर येतात अन् दुसऱ्या बाजूने खाली जातात, तसेच हे हवेचे रहाटगाडगे आहे. हवा वर जाते तिथे ढग बनतात. हवा खाली उतरते तिथे ढग विरतात. म्हणून इंडोनेशियाकडे भरपूर पाऊस आणि पेरूचा किनारा वाळवंटासारखा कोरडा.

आपला देश या रहाटगाडग्याच्या ओल्या बाजूला जवळ आहे. ते नीट चालले की आपल्या मान्सूनलाही बळ मिळते.

पेरूच्या कोळ्यांनी दिलेले नाव

काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. फुंकर कमी झाली की परातीतले पाणी परत येते. तसेच इंडोनेशियाकडे साठलेले ऊन पाणी पूर्वेकडे, म्हणजे पेरूच्या दिशेने सरकू लागते. पेरूजवळचा समुद्र तापतो. खालचे गार पाणी वर येईनासे होते.

याची पहिली झळ लागते ती तिथल्या कोळी लोकांना. खालून येणारे गार पाणी माशांच्या खाद्याला खतासारखे असते. ते वर आले नाही तर मासे उपाशी मरतात किंवा दूर जातात. कोळ्यांची जाळी रिकामी येतात.

हे ऊन पाणी बहुधा नाताळाच्या सुमारास दिसे. म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला 'एल निनो' हे नाव दिले. त्यांच्या स्पॅनिश भाषेत याचा अर्थ 'तो लहान मुलगा', म्हणजे बाळ येशू. नाव गोड आहे, पण बाळाचे पाय जगभर उमटतात. दर दोन ते सात वर्षांनी हा एल निनो येतो. नेमका कोणत्या वर्षी येईल याचा ठरीव क्रम नाही.

एल निनो आला की हवेचे रहाटगाडगेही जागा बदलते. हवा वर जाण्याची जागा समुद्राच्या मध्याकडे आणि पूर्वेकडे सरकते. आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागते. ढग येतात, पण वाढत नाहीत. मान्सूनचे वारे दुबळे पडतात. पावसात मोठमोठे खंड पडतात.

उलटही होते बरं का. काही वर्षी ते वारे नेहमीपेक्षा जोराने वाहतात. ऊन पाणी इंडोनेशियाकडे अधिकच साठते, पेरूकडचे पाणी अधिक गार होते. याला 'ला निना' म्हणतात, म्हणजे 'ती लहान मुलगी'. ला निनाच्या वर्षी आपल्याकडे पाऊस बहुधा चांगला होतो. १९८८, २०१० ही अशी वर्षे होती. २०२० ते २०२२ अशी लागोपाठ तीन वर्षे ला निना टिकून होती.

१९७२ साल

म्हाताऱ्या माणसांना १९७२ सालचा दुष्काळ सांगावा लागत नाही. त्या वर्षी देशात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के कमी झाला. महाराष्ट्रात तर त्याने कहर केला. विहिरी आटल्या. जनावरे चाऱ्यावाचून गेली. माणसे रस्त्यांवर खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला गेली. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. कामावर सुकडी मिळे, तीवर लेकरे जगली.

त्याच १९७२ साली एल निनो आला होता. पेरूचे कोळी आपल्या रिकाम्या जाळ्यांकडे बघत होते. १९७० साली त्या देशाने १ कोटी २० लाख टनांहून अधिक मासे धरले होते. १९७३ साली ते २० लाख टनांच्या आसपास आले. त्यांनी आधी मासेमारीही बेसुमार केली होती, हे खरे. पण शेवटचा धक्का एल निनोचा. तिकडचा कोळी आणि इकडचा कुणबी, दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पण दोघांवर आलेल्या संकटाच्या मुळाशी एकच समुद्र होता.

त्याही आधी १८७७ साली फार मोठा एल निनो आला होता. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस आधीच बुडाला होता. त्यावर दुसरे वर्षही कोरडे गेले. मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा, हैदराबाद या मुलखांत ५० लाखांहून अधिक माणसे मेली. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही दुष्काळ होता. मिसर देशाच्या नाईल नदीला १८७७ साली फार कमी पाणी आले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पाऊस बुडाला म्हणून पीक गेले, हे समुद्राचे काम. माणसे मेली, ते एकट्या समुद्रामुळे नव्हे. १८७७ साली देशात भूक असताना धान्य बोटींतून परदेशी जात होते. १९७२ साली लोकांना काम आणि अन्न पुरवण्याची खटपट झाली, म्हणून तसा मृत्यूचा कहर झाला नाही. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पाऊस कमी पडणे आपल्या हाती नाही. पण दुष्काळाला तोंड देणे पुष्कळसे माणसाच्या हाती आहे.

हा संबंध कळला कसा?

आपल्या देशात हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती त्याचे प्रमुख झाले. पाऊस आधी सांगता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी जगातल्या अनेक ठिकाणांची हवेच्या दाबाची, पावसाची, नद्यांच्या पाण्याची टिपणे जमवली. तेव्हा गणकयंत्रे नव्हती. खात्यातल्या हिंदी कारकुनांनी वर्षानुवर्षे हाताने हिशेब केले.

त्या आकड्यांतून एक गोष्ट दिसून आली. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो कमी होतो. तिकडे कमी झाला की इकडे वाढतो. तराजूची दोन पारडी असावीत तसे. याला वॉकर यांनी १९२४ साली 'दक्षिणी दोलन' असे नाव दिले. दोलन म्हणजे झोका. हा झोका आणि पेरूचे ऊन पाणी या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे १९६९ साली याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

आता प्रशांत महासागरात यंत्रे बसवलेली तराफे आहेत. आकाशात उपग्रह आहेत. पाणी किती तापले, ते रोज मोजले जाते. त्यामुळे एल निनो येतो आहे की नाही, हे काही महिने आधी कळू लागते.

सगळी वर्षे सारखी नसतात

"मग एल निनो म्हटला की दुष्काळ ठरलेलाच?" नाही, तसे नाही. येथे नीट लक्ष द्या.

१९९७ सालचा एल निनो फार बलवान होता. सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली. पण देशात पाऊस सरासरीइतका, किंबहुना थोडा अधिकच झाला. उलट २००२ सालचा एल निनो त्या मानाने साधा होता. तरी त्या वर्षीच्या जुलैमध्ये देशात निम्माच पाऊस पडला. साऱ्या हंगामात पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी राहिला. २००९ साली तो २२ टक्के कमी होता.

याची कारणे दोन. पहिले असे, की ऊन पाणी नेमके कोठे साठते याला महत्त्व आहे. ते समुद्राच्या मध्यावर साठले तर आपल्याला अधिक नडते. अगदी पेरूच्या काठाला साठले तर तितके नडत नाही.

दुसरे कारण आपल्या जवळच्या हिंदी महासागरात आहे. त्यालाही स्वतःचा एक झोका आहे. कधी आफ्रिकेकडचे पाणी अधिक ऊन आणि सुमात्रा बेटाकडचे गार होते. कधी याच्या उलट होते. शास्त्रज्ञ याला डायपोल म्हणतात, म्हणजे दोन टोकांचा. १९९९ साली त्यांनी तो ओळखला. आफ्रिकेकडचे टोक तापले की बहुधा आपल्या पावसाला मदत होते. १९९७ साली एल निनो एकीकडे ओढत होता आणि हा डायपोल दुसरीकडे. बैलजोडीतला एक बैल अडला, पण दुसऱ्याने गाडी ओढून नेली.

२०२३ सालही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी एल निनो होता. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळून देशात पाऊस सहाच टक्के कमी झाला. आकडा लहान दिसतो. पण ऑगस्ट महिन्यात तो ३६ टक्के कमी होता. १९०१ सालापासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पीक वाढीला लागले असताना खंड पडला, तर वर्षाची सरासरी घेऊन शेतकरी काय करणार?

आणि एल निनो नसला तरी पाऊस दगा देऊ शकतो. १९७९ साली म्हणावा असा एल निनो नव्हता, तरी देशात पाऊस फार कमी झाला होता.

म्हणून एल निनो हा निकाल नव्हे. तो इशारा आहे. रस्त्यावर 'पुढे वळण आहे' अशी पाटी असते. पाटी दिसली म्हणजे गाडी उलटलीच, असे नसते. पण शहाणा गाडीवान बैलांचे कासरे आवळतो.

नक्षत्रांविषयीही येथे दोन शब्द सांगतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही नक्षत्रे सूर्याच्या चालीवरून धरतात. त्यामुळे हंगाम कोठवर आला, हे त्यांवरून कळते. आपल्या वाडवडिलांनी पेरणीचे दिवस त्यांवर बसवले, ते उगाच नव्हे. पण सूर्याची चाल दर वर्षी सारखीच असते आणि समुद्र दर वर्षी सारखा नसतो. म्हणून यंदा पाऊस किती पडेल, हे नक्षत्रावरून कळत नाही.

नदीचा हिशेब वेगळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाऊस थोडा कमी झाला तर नदीचे पाणीही थोडेच कमी होईल, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. नदीचे पाणी पुष्कळ कमी होते.

हे एका हिशेबाने पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. समजा, १०० घागरी पाऊस पडला. त्यातल्या ७० घागरी जमिनीने, पिकांनी, झाडांनी आणि उन्हाने घेतल्या. नदीला राहिल्या ३०. पुढल्या वर्षी ८० घागरीच पाऊस पडला. पण जमिनीची तहान काही तितकी कमी झाली नाही. तिने ६५ घागरी घेतल्याच. नदीला राहिल्या १५. पाऊस कमी झाला पाचवा हिस्सा. नदी मात्र निम्मी झाली!

जमीन आधी पिते, नदीला उरलेले मिळते. म्हणून दूरच्या समुद्राची झळ पिकापेक्षा धरणाला अधिक बसते.

दोन वर्षे लागोपाठ अशी गेली तर काय होते, ते मराठवाड्याने सोसले आहे. २०१४ साली तिथे पाऊस कमी झाला. २०१५ साली मोठा एल निनो आला आणि पुन्हा पाऊस बुडाला. पहिल्या वर्षी जमिनीतली ओल आणि विहिरी गेल्या. दुसऱ्या वर्षी धरणे गेली. लातूर शहराला पाणी देणारे मांजरा धरण कोरडे पडले. जायकवाडीतले वापरायचे पाणी संपले. शेवटी २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या. त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कृष्णेचे पाणी रुळांवरून सुमारे ३४० किलोमीटर गेले, तेव्हा लातूरकरांच्या घागरी भरल्या.

याच हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे पूर. जमीन पिऊन तृप्त झाली की पुढचा सगळा पाऊस थेट नदीत जातो. २०१९ साली हिंदी महासागराचा झोका आपल्या बाजूला होता. जून कोरडा गेला, पण पुढे पावसाने जोर धरला. ऑगस्टमध्ये घाटावर मुसळधार पाऊस कोसळला. सांगलीला कृष्णेच्या धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या पुराला समुद्र हे एकटेच कारण नव्हते. पण भरल्या जमिनीवर पडलेला पाऊस नदी कशी फुगवतो, हे त्यावरून दिसते.

मग आपण काय करावे?

एक. अंदाज ऐकावा. हवामान खाते एप्रिलमध्ये पावसाचा पहिला अंदाज सांगते. मेअखेरीस दुसरा सांगते. हे काम आपल्या पुण्यातल्या कार्यालयात चालते. रेडिओवर, वर्तमानपत्रात, मोबाईलवर तो मिळतो. त्यात 'सरासरीच्या इतके टक्के' असे शब्द येतात. साऱ्या देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७० मिलीमीटर धरतात. शंभराला चार कमी किंवा चार जास्त, इतका पाऊस ते सरासरीइतकाच मानतात. पण हा अंदाज देशाचा आहे, आपल्या शिवाराचा नाही, हे विसरू नये. आपल्या जिल्ह्यासाठी शेतीचा सल्ला वेगळा निघतो. कृषी सहायकाकडून तो मागून घ्यावा.

दोन. पहिल्या सरीला भुलू नये. वळवाची एखादी सर आली की चाड्यावर मूठ धरायची घाई होते. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर ओली झाली, म्हणजे पेरावे. एल निनोच्या वर्षी तर हे फार जपावे. दुबार पेरणी म्हणजे दोनदा बियाणे, दोनदा मजुरी आणि दोनदा कर्ज.

तीन. सगळे एकाच पिकावर लावू नये. बाजरीत तूर, सोयाबीनमध्ये तूर असे आंतरपीक घ्यावे. एक गेले तर दुसरे हाती राहते. पाऊस लांबून जुलैचा मध्य उलटला तर मूग, उडीद पेरू नयेत. बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांचा विचार करावा.

चार. पाऊस मोजावा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवावा. रोज सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजून वहीत लिहावे. एक मिलीमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी पडते. पंचवीस मिलीमीटर पडला, तर एक लाख लिटर. त्यातले किती आपण शिवारात अडवले आणि किती ओढ्यावाटे गेले? शेताचे बांध, नाल्यावरचे बंधारे, शेततळी ही चांगल्या वर्षी नीट करावी. दुष्काळात ती बांधता येतात, पण भरता येत नाहीत.

पाच. दिवाळीच्या आधी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार गाव हे करते. पाऊस किती झाला, पाणी किती साठले, याचा हिशेब गाव एकत्र बसून मांडते. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला ठेवते. उरलेल्यावर रब्बीला कोणती पिके घ्यायची, ते ठरवते. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही, फार पाणी पिणारी पिके लावायची नाहीत, असे नियम त्या गावाने स्वतःला घालून घेतले. त्या गावातही पाऊस थोडाच पडतो. पण हिशेब आहे, म्हणून पाणी पुरते.

हा ताळेबंद एकट्याने होत नाही. माझी विहीर खोल, म्हणून मी ऊस लावला, तर शेजाऱ्याची विहीर आटते. पुढल्या वर्षी एल निनो आला तर मग दोघांचीही आटते. जमिनीखालचे पाणी बांध ओळखत नाही.

वाचकहो, समुद्र आपल्याला दिसत नाही. त्याला थांबवता येत नाही. पण त्याची चाल आता आधी कळते. १८७७ सालच्या माणसाला ती कळत नव्हती. १९७२ सालच्या माणसालाही कळत नव्हती. आपल्याला कळते. आता येत्या मे महिन्यात अंदाज येईल, तेव्हा तो कानावरून जाऊ देऊ नका. चार माणसे बोलवा, तो वाचून दाखवा आणि गावाने यंदा काय करायचे ते ठरवा.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. परातीतल्या पाण्याचा प्रयोग करून पाहा. फुंकर म्हणजे समुद्रावरचे काय?

२. एल निनो असूनही १९९७ साली दुष्काळ का पडला नाही?

३. पाऊस पाचव्या हिश्शाने कमी झाला, तर नदी निम्मी कशी होते? हिशेब पाटीवर मांडा.

४. तुमच्या गावात १९७२ साल पाहिलेले कोणी आहे का? तेव्हा गावाला पाणी कुठून आणत, ते त्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.

५. तुमच्या गावात दिवाळीच्या आधी पाण्याचा हिशेब मांडायचा झाला, तर कोणकोणत्या विहिरी, तळी आणि बंधारे मोजावे लागतील? यादी करा.